घट्ट पण हलकं : सॅलडसाठी चक्क्याचं ड्रेसिंग घरच्या घरी

नानाखेडा (उज्जैन) : मराठी घरात ताटाची डावी बाजू रिकामी राहत नाही. लिंबू, मीठ, चटणी आणि कोशिंबीर हे तिथले कायमचे मानकरी. उज्जैनच्या इंदूर रस्त्यावरच्या नानाखेडा भागातली वसाहत असो, बेळगावची गल्ली असो की नागपूरचा फ्लॅट, हे चित्र थोड्याफार फरकाने सारखंच आहे. मात्र अलीकडे कोशिंबिरीच्या वाटीत सॅलड आलं, आणि सॅलडबरोबर बाटलीतलं पांढरं, दाट ड्रेसिंगही आलं. मुलं त्याच्यामुळे का होईना काकडी-गाजर खातात, म्हणून आईवडीलही ते आणतात.

अडचण अशी की बाटलीतलं बहुतेक क्रीमी ड्रेसिंग मेयोनीजवर बेतलेलं असतं, आणि मेयोनीज म्हणजे मुख्यतः तेल. वजन कमी करायचं, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायचं म्हणून ज्याने सॅलड खायला घेतलं, त्याच्या वाटीत भाजीपेक्षा तेलाचीच ऊर्जा जास्त जाते. फोडणीत दोन चमचे तेल कमी केलं आणि सॅलडवर तेच पुन्हा ओतलं, असा हा प्रकार.

यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहे. श्रीखंडासाठी दही टांगून जो चक्का करतात, तोच हलक्या क्रीमी ड्रेसिंगचा सर्वांत सोपा पाया. तो कसा करायचा, त्यासाठी दूध कुठलं घ्यायचं, त्यात स्निग्धांश नेमका किती उतरतो, उन्हाळ्यात तो किती टिकतो आणि कोणी जपून खायचा, याची माहिती पुढे दिली आहे.

उज्जैनचं मराठीपण आणि डावी बाजू

माळव्यात मराठी माणूस पाहुणा नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्या काळात उज्जैन मराठ्यांच्या ताब्यात आलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला नेईपर्यंत शिंद्यांचं मुख्य ठाणं उज्जैनच होतं. त्या काळापासून इथे मराठी कुटुंबं आहेत.

अशा घरांत सकाळी पोहे-जिलेबी आणि सुटीला दाल-बाफले, पण वरण-भाताच्या पानात कोशिंबीर हवीच. राज्य बदललं की नावं बदलतात. कर्नाटकात भिजवलेली मूगडाळ आणि काकडीची कोसंबरी, गुजरातेत कचुंबर, हिंदी पट्ट्यात रायता. कच्च्या भाजीला थोडं आंबट, थोडं स्निग्ध आणि थोडं तिखट लावायचं, ही युक्ती सगळीकडे एकच. ड्रेसिंग म्हणजे तरी दुसरं काय?

‘क्रीमी’पणा येतो कुठून?

मेयोनीजचा दाटपणा तेलातून येतो. अंड्याच्या बलकात किंवा शाकाहारी प्रकारात दुधाच्या अथवा सोयाच्या प्रथिनांत तेल थेंबाथेंबाने फेटलं, की त्याचे अतिसूक्ष्म थेंब थोड्याशा पाण्यात दाटीवाटीने अडकून बसतात. थेंब जितके जास्त, तितकं मिश्रण घट्ट. म्हणून तेल कमी केलं की मेयोनीज पातळ होतं. कंपन्या मग घट्टपणा टिकवण्यासाठी स्टार्च किंवा डिंकासारखे पदार्थ घालतात. अमेरिकेत तर नियमच आहे, की ‘मेयोनीज’ म्हणून विकायच्या पदार्थात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल असलंच पाहिजे.

दह्याचा दाटपणा वेगळ्या कारणाने येतो. दूध आंबलं की त्यातलं केसीन नावाचं प्रथिन एकमेकांना चिकटून जाळं बनवतं आणि त्या जाळ्यात पाणी व स्निग्धांश अडकतो. दही फडक्यात टांगलं की जाळ्यातलं पाणी गळून जातं आणि प्रथिनं मागे राहतात. जिभेला जो मऊ, भरलेला स्पर्श लागतो, तो मुख्यतः या प्रथिनांचा. त्यामुळे कमी स्निग्धांशाच्या दुधाचा चक्काही जिभेला दाटच लागतो. बाजारात ग्रीक योगर्ट म्हणून महाग डबा मिळतो, त्यामागचं तत्त्व हेच.

आधी हिशेब पाहू

दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम ड्रेसिंग एका वाटीभर सॅलडला पुरतं. तेवढ्यात साधारण किती जातं ते असं :

• पूर्ण तेलाचं मेयोनीज : स्निग्धांश सुमारे २२ ग्रॅम, ऊर्जा सुमारे २०० किलोकॅलरी.
• २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम : स्निग्धांश सुमारे साडेसात ग्रॅम, ऊर्जा ७५ ते ८० किलोकॅलरी.
• फुल क्रीम दुधाच्या चक्क्याचं ड्रेसिंग : स्निग्धांश सुमारे साडेतीन ग्रॅम, ऊर्जा सुमारे ४० किलोकॅलरी.
• टोन्ड दुधाच्या चक्क्याचं ड्रेसिंग : स्निग्धांश दोन ते अडीच ग्रॅम, ऊर्जा सुमारे ३० किलोकॅलरी.
• डबल टोन्ड दुधाचं, तेल न घातलेलं : स्निग्धांश एक ग्रॅमच्या आत, ऊर्जा १५ ते २० किलोकॅलरी.

चक्क्याचे आकडे खाली दिलेल्या प्रमाणावरून काढले आहेत. दही किती वेळ टांगलं यावर ते थोडे इकडेतिकडे होतील.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तुपासाठी सुमारे २७ ग्रॅम इतकीच जागा ठेवली आहे. त्यातच भाजीची फोडणी, पोळीचं तेल आणि वरणावरचं तूप बसवायचं असतं. मेयोनीजचे दोन चमचे यातला बराचसा हिस्सा एकट्याने खातात. बाजारातली सगळी ड्रेसिंग्ज इतकी जड नसतात, म्हणून बाटलीमागचा ‘प्रति १०० ग्रॅम’ तक्ता पाहावा. त्यात ‘टोटल फॅट’ ६० असेल, तर बाटलीत निम्म्याहून जास्त स्निग्धांशच आहे.

आणखी एक. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे घन पदार्थावर ‘लो फॅट’ लिहायचं, तर १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही. त्या मापाने टोन्ड दुधाचं घरचं ड्रेसिंगही ‘लो फॅट’ ठरत नाही, कारण त्यात १०० ग्रॅममागे सुमारे ७ ग्रॅम असतात. ते मेयोनीजपेक्षा खूप हलकं आहे, इतकंच म्हणणं बरोबर. डबल टोन्ड आणि बिनतेलाचा प्रकार मात्र त्या मापात जेमतेम बसतो.

दूध कुठलं घ्यावं?

इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. ‘दही हलकं, म्हणजे चक्काही हलका’ असं वाटतं. पण टांगल्यावर गळतं ते पाणी. स्निग्धांश जवळजवळ सगळा फडक्यातच राहतो. म्हणजे ३ टक्क्यांच्या दुधाचा चक्का साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो आणि ६ टक्क्यांच्या दुधाचा १२-१३ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे चक्का हलका हवा असेल तर दूध निवडतानाच काळजी घ्यावी लागते.

पिशवीवरचं नाव राज्यागणिक बदलतं. उज्जैनला सांची, कोल्हापुरात गोकुळ, वारणा, बेळगावात नंदिनी, वलसाड-बडोद्याकडे अमूल. पण दुधाचे प्रकार देशभर एकाच नियमाने ठरलेले आहेत :

• फुल क्रीम : किमान ६ टक्के स्निग्धांश.
• स्टँडर्डाइज्ड : किमान ४.५ टक्के.
• टोन्ड : किमान ३ टक्के.
• डबल टोन्ड : किमान १.५ टक्के.
• स्किम्ड : अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नाही.

रोजच्यासाठी टोन्ड दूध सोयीचं. डॉक्टरांनी स्निग्धांश फारच कमी करायला सांगितला असेल तर डबल टोन्ड घ्यावं. अगदी स्किम्ड दुधाचा चक्का थोडा कोरडा आणि खडबडीत लागतो. गवळ्याकडचं म्हशीचं दूध असेल, तर तापवून थंड करून वरची साय काढून मगच विरजण लावावं. सायीचा वेगळा उपयोग होईल, ड्रेसिंगला तिची गरज नाही.

गुढीपाडवा, दसऱ्याच्या सुमारास महाराष्ट्रात दुकानात तयार चक्का मिळतो. तो श्रीखंडासाठी केलेला असल्याने बहुधा जास्त स्निग्धांशाच्या दुधाचा असतो. ड्रेसिंगला वापरायचाच असेल तर निम्मा चक्का आणि निम्मं साधं दही असं प्रमाण धरावं.

साहित्य (आठ-नऊ जणांसाठी)

• टोन्ड दुधाचं गोडसर दही : अर्धा किलो
• मोहरी : एक छोटा चमचा
• लिंबाचा रस : एक मोठा चमचा
• शेंगदाणा, तीळ किंवा सूर्यफूल तेल : एक छोटा चमचा
• लसूण : अर्धी पाकळी, बारीक ठेचून (नको असेल तर आल्याचा छोटा तुकडा)
• मीठ : पाव छोटा चमचा
• मिरपूड : चिमूटभर
• कोथिंबीर किंवा पुदिना : बारीक चिरून दोन मोठे चमचे
• टांगताना गळलेलं दह्याचं पाणी : तीन मोठे चमचे

मोठा चमचा म्हणजे १५ मिलीलीटर आणि छोटा म्हणजे ५ मिलीलीटर.

कृती

१. दही ताजं आणि नीट लागलेलं, कवडीचं असावं. अदमुरं दही टांगलं तर फडक्यातून दुधाळ पाणी गळतं आणि चक्का कमी पडतो. आंबट दह्याचं ड्रेसिंग जास्त आंबट होतं, मग साखर घालायचा मोह होतो.

२. चाळणीवर स्वच्छ, ओलं करून पिळलेलं मलमलचं फडकं दुहेरी अंथरावं. खाली पातेलं ठेवावं. दही ओतून फडक्याची टोकं जुळवावीत, वर छोटी ताटली ठेवावी आणि सगळं फ्रिजमध्ये ठेवावं. तीन ते चार तासांत अर्धा किलो दह्याचा साधारण २०० ग्रॅम चक्का होतो. श्रीखंडासारखा रात्रभर टांगून कोरडा करायची गरज नाही. नंतर पाणीच घालावं लागतं.

३. तोवर मोहरी फेसून घ्यावी. मोहरी खलात किंवा मिक्सरच्या छोट्या भांड्यात दोन चमचे थंड पाणी घालून वाटावी आणि दहा मिनिटं तशीच ठेवावी. मोहरीचा झणका दाणा फुटून पाण्याशी मिळाल्यावरच तयार होतो. पाणी गरम असेल किंवा लिंबू लगेच पिळलं, तर तो नीट येत नाही. केळ्याच्या रायत्यासाठी आणि लोणच्यासाठी मोहरी फेसायची जुनी रीत हीच. फेसलेली मोहरी ड्रेसिंगमध्ये चवीबरोबर आणखी एक काम करते. तिच्या सालीतल्या चिकट द्रव्यामुळे तेल आणि पाणी वेगळं होत नाही.

४. मोठ्या भांड्यात चक्का घेऊन लाकडी चमच्याने किंवा रवीने हलकेच मोकळा करावा. मिक्सर लावू नये. जोरात फिरवलं की प्रथिनांचं जाळं तुटतं आणि घट्ट चक्का ताकासारखा ओघळतो.

५. मोहरी, लसूण, मिरपूड, तेल आणि लिंबाचा रस घालून एकाच दिशेने ढवळावं. मग दह्याचं पाणी एकेक चमचा घालत हवा तितका पातळपणा आणावा. चमचा उलटा केल्यावर ड्रेसिंग त्याच्या पाठीला चिकटून राहिलं आणि बोटाने ओढलेली रेघ बुजली नाही, की जमलं.

६. कोथिंबीर-पुदिना आणि मीठ वाढायच्या थोडं आधी घालावं.

उरलेलं दह्याचं पाणी टाकू नये. कणीक भिजवायला, कढीत किंवा ताकात ते छान चालतं.

सॅलडला पाणी का सुटतं?

घरोघरची तक्रार एकच : ड्रेसिंग सुरेख झालं होतं, पण पानात वाढेपर्यंत वाटीत तळ्यासारखं पाणी. दोष ड्रेसिंगचा नसतो. काकडी, टोमॅटो, मुळा यांना मीठ लागलं की त्यांच्या पेशींतलं पाणी बाहेर येतं. त्यावर तीन उपाय.

पहिला, काकडी चोचवून किंवा जाड काप करून तिला आधी चिमूटभर मीठ लावावं, दहा मिनिटांनी पाणी पिळून काढावं आणि मग ड्रेसिंगमध्ये मीठ तेवढं कमी घालावं. दुसरा, धुतलेल्या भाज्या आणि पालेभाज्या स्वच्छ फडक्यावर पसरून कोरड्या करून घ्याव्यात. ओल्या पानाला ड्रेसिंग चिकटत नाही, मग माणूस दुप्पट ओततो. तिसरा, ड्रेसिंग आणि भाजी पानात वाढतानाच एकत्र करावी. डब्यात द्यायचं असेल तर ड्रेसिंग छोट्या डबीत वेगळं द्यावं.

आपापल्या भागातलं सॅलड

या ड्रेसिंगला लेट्यूस आणि चेरी टोमॅटोच हवेत असं काही नाही.

• माळवा : पावसाळ्यात मिळणारी बालम काकडी, कांदा, डाळिंब. उकडलेल्या मक्याच्या दाण्यांवरही हे छान लागतं.
• विदर्भ-मराठवाडा : गाजर, मुळा, कोवळा पातीचा कांदा, मोड आलेली मटकी किंचित वाफवून.
• बेळगाव-निपाणी आणि सीमाभाग : भिजवलेली मूगडाळ, काकडी, किसलेलं गाजर. कोसंबरीचंच दह्यातलं रूप म्हणा.
• कोकण-गोवा : कोबी, उकडलेलं बीट, चवीपुरता ओला नारळ.
• गुजरात सीमा : कोबी, सिमला मिरची, उकडलेले हरभरे.

माळव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. इथे शेवेशिवाय पदार्थ पुरा होत नाही. पण २५ ग्रॅम शेवेत सुमारे नऊ-दहा ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे ड्रेसिंगच्या चौपट. सॅलडवर मूठभर शेव भुरभुरली, तर दही टांगण्याची सगळी मेहनत वाया जाते. कुरकुरीतपणा हवा असेल तर भाजलेले फुटाणे किंवा भाजके तीळ चमचाभर घालावेत.

ड्रेसिंगचे आणखी तीन प्रकार

उपासासाठी : मोहरी आणि लसूण वगळून सैंधव मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिरवी मिरची आणि एक मोठा चमचा दाण्याचं कूट घालावं. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणून कूट घातल्यावर वेगळं तेल नको.

दूध न चालणाऱ्यांसाठी : ३० ग्रॅम शेंगदाणे किंवा तीळ भाजून, तासभर भिजवून, अर्धी वाटी पाणी आणि लिंबाचा रस घालून गंधासारखे वाटावेत. हे मेयोनीजपेक्षा हलकं आहे, पण चक्क्याइतकं नाही. तीन-चार जणांत वाटून घ्यावं.

घाईच्या दिवशी : टांगायला वेळ नसेल तर साधं घट्ट दही आणि भाजलेल्या डाळ्याचं पीठ. वाटीभर दह्याला दोन छोटे चमचे पीठ लावून पाच मिनिटं ठेवलं की दही आळतं.

काजूची पेस्ट, नारळाचं घट्ट दूध आणि घरची साय यांनी ड्रेसिंग झकास होतं, पण हलकं होत नाही. सणावाराला जरूर करावं, रोजच्या हलक्या जेवणात ते धरू नये.

उन्हाळ्यात किती टिकतं?

उज्जैनला मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्यातही तेच. पूर्वी दही खुंटीला टांगायची पद्धत होती. थंडीत ती चालते, उन्हाळ्यात नको. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात. दही आंबट असल्याने काही प्रमाणात स्वतःला सांभाळतं, पण त्यात चिरलेली कोथिंबीर, लसूण आणि कच्ची भाजी मिसळली की ती सुरक्षितता कमी होते.

• दही फ्रिजमध्येच टांगावं. फडकं प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावं.
• तयार ड्रेसिंग काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये तीन दिवसांत संपवावं. कोथिंबीर-पुदिना घातलेलं दुसऱ्या दिवशीच संपवणं बरं.
• एरवी दोन तास आणि कडक उन्हाळ्यात एक तास, याहून जास्त वेळ ते बाहेर राहिलं तर परत फ्रिजमध्ये ठेवू नये.
• बरणीत उष्टा चमचा घालू नये.
• वरती थोडं पाणी दिसलं तर ते नैसर्गिक आहे, ढवळून घ्यावं. पण गुलाबी-हिरवा डाग, बुरशी किंवा कुबट वास आला तर सगळं टाकून द्यावं. वरचं काढून खालचं वापरू नये.
• कोथिंबीर, पुदिना वाहत्या पाण्यात दोनदा धुवावा. पावसाळ्यात तर नक्कीच.

कच्च्या अंड्याचं मेयोनीज : राज्यांनी बंदी का घातली?

घरी मेयोनीज करायचं म्हणून काही जण कच्चं अंडं वापरतात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतो आणि मेयोनीज शिजवलं जात नाही, त्यामुळे तो मरत नाही. उलटी, जुलाब, ताप अशी लक्षणं दिसतात. लहान मुलं, वृद्ध आणि गरोदर महिला यांना त्याचा जास्त धोका. याच कारणाने केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी तशीच बंदी जाहीर केली. बाटलीतलं मेयोनीज बहुधा पाश्चरीकृत अंड्याचं किंवा बिनअंड्याचं असतं. धोका मुख्यतः हातगाडीवर किंवा घरी कच्चं अंडं फेटून केलेल्या आणि उन्हात तासन् तास उघड्या राहिलेल्या मेयोनीजचा. चक्क्याच्या ड्रेसिंगमध्ये अंड्याचा प्रश्नच येत नाही.

विकतचं ड्रेसिंग घेताना शाकाहारींनी हिरवा गोल पाहावा. मांसाहारी किंवा अंड्याच्या पदार्थावर तपकिरी त्रिकोण असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलंच नाव तेलाचं असेल, तर पुढची जाहिरात वाचायची गरज उरत नाही.

कोणी जपून खावं?

• रक्तदाब : दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरच्या प्रमाणात माणशी मीठ सुमारे पाव ग्रॅमच्याही आत येतं. चव कमी वाटली तर मीठ वाढवण्याऐवजी लिंबू आणि मिरपूड वाढवावी.
• मधुमेह : ड्रेसिंगमध्ये साखर, मध किंवा गूळ घालू नये. गोडसर दही घेतलं की गरजही पडत नाही.
• मूत्रपिंडाचा आजार : चक्क्यात प्रथिनं एकवटलेली असतात. किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.
• दूध न पचणाऱ्यांना : टांगल्यावर पाण्याबरोबर बरीच दुग्धशर्करा निघून जाते, म्हणून काहींना चक्का सोसतो. पण दुधाची ॲलर्जी असेल तर चक्काही चालत नाही.
• मोहरी, तीळ, शेंगदाणे यांचीही ॲलर्जी असते. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारून घ्यावं.
• एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नये.

बिघडलं तर?

फार पातळ झालं : अर्धा तास पुन्हा फडक्यात ठेवावं, किंवा चमचाभर डाळ्याचं पीठ घालावं.

फार आंबट झालं : साखरेऐवजी किसलेलं गाजर, डाळिंबाचे दाणे किंवा दोन चमचे ताजं गोडं दही मिसळावं.

कणी आली : चक्का फ्रिजमधून काढल्या काढल्या कडक असतो. दहा मिनिटं बाहेर ठेवून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून गाळून घ्यावा.

कडवट लागलं : मोहरी जास्त झाली किंवा तिला मुरायला वेळ मिळाला नाही. तासभर फ्रिजमध्ये ठेवलं की कडूपणा उतरतो. पुढच्या वेळी मोहरी निम्मी घ्यावी.

मुलं खात नाहीत : लसूण-मोहरी वगळून नुसतं पुदिना, भाजलेलं जिरं आणि लिंबू घालावं. सॅलड वाढण्याऐवजी काकडी-गाजराच्या लांब कांड्या आणि वाटीत ड्रेसिंग द्यावं. बुडवून खायला मुलं सहसा नाही म्हणत नाहीत.

थोडक्यात

अर्धा किलो टोन्ड दुधाचं दही, चार तास फ्रिजमध्ये टांगलेलं, एक चमचा फेसलेली मोहरी, एक लिंबू आणि चमचाभर तेल. तेवढ्यात आठ-नऊ माणसांचं क्रीमी ड्रेसिंग होतं आणि माणशी स्निग्धांश दोन-अडीच ग्रॅमच्या पुढे जात नाही. आठवड्यात ज्या दिवशी घरी सॅलड होतं, त्या दिवशी सकाळी दही टांगायची सवय लावली, तर बाटली आणावी लागणार नाही.